पलंगाच्या डावीकडचा समुद्र

...नाही, पण मला सांगा, समुद्राकाठचं हॉटेल, समुद्राच्या नावानं अव्वाच्या सव्वा भाडं, आणि समुद्र कुठंय? तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो मी, झाशीहून गाड्या घेऊन किती वेळा गेलो-आलो, आणि छत्तीस वर्षं आमची शारदा म्हणतेय, "अहो, एकदा समुद्र दाखवा हो!" दरवर्षी पास निघायचा आणि दरवर्षी कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी मुंज! एकदा तर बरुआसागरला नेऊन तळं दाखवलं, म्हटलं, हे घे, नावातच सागर आहे! आठ दिवस बोलली नाही.

शेवटी आमचा सलील म्हणाला, "बाबा, टेन्शन नका घेऊ, मी एकदम बढिया स्वीट बुक केलाय." स्वीट, म्हणजे ऐसपैस मोठी खोली, आणि ही कुण्या फार नामांकित सिनेमा-दिग्दर्शकाच्या थाटात सजवलेली! आत पाऊल टाकतोय तर तिपाईवर कॅमेरा, थेट पलंगावर रोखलेला! झोपायचं कसं हो माणसानं? खुर्ची दिग्दर्शकाची, कापडाची, बसलो की दुमडते! बटण दाबलं तर भक्कन झोत तोंडावर... वाटलं, आता रडून दाखवावं लागतंय! मी आपला येरझारा घालतोय, खिडकी शोधतोय. समुद्र कुठंय?

तेवढ्यात शारदा ओरडली, "अहो, हा काय!" पडदा सरकवलेला, आणि समोर निळाशार! लाटांचा आवाज, वारा, सगळं! तिनं लगेच पिशवी उघडली. झाशीहून आणलेला नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू! ओटी नदीची भरतात, समुद्राची नाही, हे तिला कोण सांगणार? "बेतवेची भरते ना मी? मग हे तर नद्यांचं सासर!" म्हणाली, आणि कुंकू वाहिलं... ते लाटेला चिकटूनच राहिलं!

कॅनव्हास! रंगवलेला कॅनव्हास हो, मागे पंखा, वर स्पीकर! सरबत घेऊन आलेली मॅनेजरबाई किंचाळली, "सर, ये क्या किया! हँडपेंटेड है!" म्हटलं, मॅडमजी, असली समुंदर कहाँ है? तर म्हणे, "सर, डायरेक्टरसाहब को असली समुंदर पसंद नहीं था. कहते थे, उसे अ‍ॅक्टिंग नहीं आती. इसलिए हमने खिडकी बंद करवा दी." समुद्राकडची खिडकी, विटा लावून! आता बोला!

दिवस मावळायला आलेला, सकाळी सहाला परतीची गाडी, जीव नुसता वरखाली! शारदाचा हात धरला, धावत वाळूवर पोचलो... आणि ओहोटी! जिकडे बघावं तिकडे चिखल, त्यात एक होडी आडवी पडलेली, आणि पार टोकाला राखाडी रेघ. समुद्र कुठंय?

शारदा बघतच राहिली. छत्तीस वर्षं थांबलेलं माणूस हो! मला खरंच भरून आलं. म्हटलं, "चुकलंच माझं. थांब, दुसरा नारळ आणतो, ह्याची भर ओटी."

"एकदा भरली की भरली," ती म्हणाली. "दोघादोघांची कशी भरू? आणि तो वरचा निदान समोर तरी आला. चला वर."

आता घरी भिंतीवर फोटो लावलाय, शारदा हसतेय, मागे निळाशार, लाटेवर कुंकू. शेजारची कांचन रोज विचारते, "काकूजी, समुंदर कहाँ है ये?" ही माझ्याकडे बघते. काय सांगणार? सांगतो आपलं... तिसरा मजला, पलंगाच्या डावीकडे.