टेबलाखालचं विज्ञान

नाही हो, लागलं-बिगलं काही नाही, भूकंप केव्हाच थांबलाय, मी टेबलाखाली बसलोय तो आमच्या नातीच्या हुकमावरून! धावत आलात, बरं वाटलं, पण दार हळू लावा, माझी दाढी हलता कामा नये...

तुम्हाला सांगतो, हुइयाला यंदा शाळेत दोन गोष्टी शिकवल्या. एक, अंडं, अळी, कोष, फुलपाखरू. दुसरी, आपल्या वाटारोआ गावाच्या खाली म्हणे दोन भूपट्ट एकमेकांना घासत सरकतात, नखं वाढतात त्या वेगानं, आणि त्यातनंच डोंगर वर येतात. येऊ देत! पण हुइयानं अळ्या पाळायला खिडकीत ठेवलेलं झाड अळ्यांनी फस्त केलं, त्यातली एक शहाणी फिरायला निघाली आणि लटकली कुठे? या टेबलाला, खालून! हिरवा कोष, वर सोनेरी ठिपके... दुपारी इथे आडवं पडून ते बघत राहिलं ना, की नदीचा आवाजसुद्धा त्या कोषातनंच येतोय असं वाटायचं. जेवण मात्र मांडीवर! का? तर हुइया म्हणते, "आजोबा, टेबल हलायचं नाही!"

आज सकाळी कोष काळा पडला, फुटला, फुलपाखरू बाहेर आलं. पंख कसे, पिळून टाकलेल्या रुमालासारखे! पोरगी म्हणते, "आजोबा, पंख सुकेपर्यंत ते लटकून राहिलं पाहिजे, पडलं तर कधीच उडणार नाही." आणि तेवढ्यात घुर्रर्र... कपबशा नाचायला लागल्या! पोरगी, शाळेत शिकवलंय तशी, टुणकन टेबलाखाली, मलाही ओढलं! फुलपाखराचे पाय सुटले! माझे दोन्ही हात टेबलाच्या पायाला, करतो काय? केली हनुवटी पुढे! बसलं की हो दाढीत, घट्ट! "आजोबा, आता तुम्ही हलायचं नाही!"

आमची मेरेआना वाकून बघते नि म्हणते, "लग्न झाल्यापासून सांगतेय या माणसाला, जरा हला, हला! हललाय कधी? आज कुठे तो गुण कामाला आला!" चहा ठेवलाय समोर, पिऊ कसा?

पण पंख उलगडतायत हो... केशरी... माझा श्वास लागला की थरथरतात. वाटतं, बसावं असंच, जमिनीला काय सरकायचं ते सरकू दे... अरे! उडालं! गेलं खिडकीतनं! हुइया, बघ, बघ कसं सरळ गेलं!

चला, उठतो आता... आई गं! पायांना मुंग्या! दोन्ही! हलतच नाहीत! मेरेआना, चहा गरम करून खालीच दे बाई, मी येतोय वर... डोंगर येतात तसा.