भिंतीवरून द्यायचे कागद

निरंजन : नाही आजी, तुमचं घर कच्चं आहे असं मी म्हणतच नाही. मी एवढंच म्हणतो की आदेश याच घराचा आहे.

शांताबाई : मग ठोका न जी भिंत! कवाचे नुसते कागद वाचून राहिले. ठोका. मूठ दुखन तुमची, पण चिमूटभर माती पडनार नाही. आमच्या ह्याईनं मालधक्क्यावर तीस वर्षं वजनं लिहिली. एकेक वीट हातात तोलून घेतली होती त्याईनं.

निरंजन : ठोकली मी. तुम्ही पाणी आणायला आत गेलात तेव्हा. चारही बाजूंनी ठोकली.

शांताबाई : मग?

निरंजन : मग काय, भिंत उत्तम आहे. म्हणून तर माझं डोकं चालत नाहीये.

शांताबाई : गूळ घ्या. पाण्यासोबत घ्या. नाव काय म्हनले तुमचं?

निरंजन : निरंजन. निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, झोन ऑफिसात उपअभियंता आहे. मूळचा अकोल्याचा, इथं हिंदी मुलखात येऊन आठ महिने झाले.

शांताबाई : अकोल्याचे? मग आपलेच आहात. आन् आपलंच घर पाडाले आले.

निरंजन : पाडायला उद्या येतील. सकाळी दहाला, यंत्र घेऊन. मी घर रिकामं झालं की नाही ते पाहायला आलोय. परवा नोटीस चिकटवली आणि तुम्ही साधं भांडंसुद्धा हलवलेलं नाही. उलट फोडणीचा वास येतोय.

शांताबाई : जेवाची वेळ झाली तर फोडनी देनारच न. मले एक सांगा, ह्या कागदावर ते ‘आपत्कालीन’ का काय लिहिलं आहे, ते काय असते?

निरंजन : म्हणजे आधी पाडायचं आणि मग विचारायचं. एरवी तुम्हाला वेळ मिळाला असता, बाजू मांडता आली असती, अपील करता आलं असतं. पण गेल्या आठवड्यात स्टेशनपलीकडे एक भिंत पडली, दोन माणसं गेली. त्यानंतर आयुक्तांनी जर्जर घरांची यादी मागवली आणि खास अधिकारात एकाच सहीनं सगळी पाडायचा आदेश काढला. सुनावणी नाही. हे घर यादीत सतरावं आहे. मकान नंबर दोनशे चौदा. तुमच्या दारावर पाटी आहे ना, दोनशे चौदाची?

शांताबाई : आहे. वीस-बावीस वर्षं झाली, तेच आहे.

निरंजन : मग हा फोटो पाहा. याच नंबराच्या फाइलला जोडलेला आहे, मागच्या बोळातून काढलेला. ही भिंत बाहेरच्या बाजूला झुकली आहे. हा तडा पाहा, माझा हात जाईल त्यात. आणि तड्यातून पिंपळ आलाय. तुमच्या घरात पिंपळ कुठे आहे, आजी?

शांताबाई : मले नाही दिसत जी. चष्मा नाही माह्याजवळ.

निरंजन : चष्मा तुमच्या डोळ्यांवर आहे.

शांताबाई : तो जवळचा आहे.

निरंजन : फोटो जवळच आहे.

शांताबाई : बाप्पा! अकोल्याची मानसं लई वाद घालतात.

निरंजन : हा पिंपळ मला आत्ता इथून दिसतोय. तुमच्या अंगणाच्या भिंतीपलीकडे, शेजारच्या घरात. मी जरा तिकडे जाऊन—

शांताबाई : जाऊ नका! तिकडं नका जाऊ. विनीता आहे तिथं, कृष्णाची बायको. दिवस भरले आहे तिचे. दुपारची निजली असन. तुमी कागद अन् टेप घेऊन दारात उभे राहाल तर धसका घेईन ते.

निरंजन : आजी, त्या घरावर दोनशे पंधराची पाटी आहे. यादीत दोनशे पंधरा नाहीच. फोटो त्या घराचा आणि नंबर तुमचा. आमच्या सर्वेवाल्यानं घर एक पाहिलं आणि पाटी दुसरी वाचली, असं तर नाही? थांबा, मी साहेबांना विचारतो... नमस्ते सर. जी, गुढियारी में ही हूँ। सर, दो सौ चौदह में गड़बड़ लग रही है। मकान एकदम पक्का है... जी... जी, प्लेट तो दो सौ चौदह की ही लगी है... लेकिन सर, फोटो... जी. जी सर.

शांताबाई : काय म्हनते?

निरंजन : म्हणतात, नंबर देखो, मकान मत देखो.

शांताबाई : हे बरं आहे. मकान पाडाचं अन् मकानच पाहाचं नाही.

निरंजन : त्यांचंही चुकत नाही. आयुक्तांनी नंबरावर सही केली आहे. घर बदलायचं तर फाइल पुन्हा वर जायला हवी, आणि उद्या सकाळपर्यंत ती जाणार नाही. पण मला आणखी एक कळत नाही. फाइलमध्ये दोनशे चौदाच्या मालकाचं नाव आहे. तुमचं आडनाव काय?

शांताबाई : वानखडे. मारोती वानखडे, मालधक्क्यावाले. कोनालेही इचारा.

निरंजन : इथं लिहिलंय, हिरालाल देवांगन.

शांताबाई : डाळ लागली वाटते खाली.

निरंजन : डाळ तुम्ही मघाशीच उतरवली. हिरालाल देवांगन कोण?

शांताबाई : बसा. उभ्यानं नाही सांगता येनार. हिरालाल भैया म्हनजे कृष्णाचा बाप. आता नाही तो. कोष्टी मानूस, पंडरीच्या कापडबाजारात गठ्ठे उचले. राज्य झालं न आपलं वेगळं, त्याच्या दुसऱ्या साली निगमनं घरांवर पाट्या लावल्या. हे घर दोनशे पंधरा, ते दोनशे चौदा. मग गल्लीत नळाची लाइन आली, पन पहिले दहाच नळ मंजूर. त्या यादीत दोनशे चौदा होतं, आमचं नव्हतं. अन् तवा आमचे हे लकव्यानं पडले होते. त्याईचं सारं अंथरुनातच. दिवसातून वीस बादल्या पानी, तेही टाकीपासून आनाचं.

निरंजन : म्हणून तुम्ही पाटी—

शांताबाई : मी नाही! मी तोंडातून शब्द नाही काढला. एका दुपारी हिरालाल भैया पेचकस घेऊन आला, दोनी पाट्याईचे स्क्रू काढले अन् आपली पाटी माह्या दारावर, माही त्याच्या दारावर लावाले लागला. म्हने, भाभी, नळ तुमच्या दारी बसू द्या. आमी हातापायानं धड आहोत, आमी येऊ भराले. दुसऱ्या दिवशी पलंबर आला, नंबर पाह्यला, नळ बसवून गेला. त्यानंही मकान नाही पाह्यलं, नंबर पाह्यला.

निरंजन : म्हणजे सर्वेवाल्यानं फोटो बरोबर काढला, नंबर मात्र रजिस्टरातल्या नावावरून घेतला. आणि नंतर पाट्या पुन्हा बदलल्या नाहीत?

शांताबाई : हे चार वर्षं तसेच पडून होते. मग गेले. मग हिरालाल भैया गेला. कोन बदलते?

निरंजन : पण बावीस वर्षं टपाल, बिलं, मतदानाच्या चिठ्ठ्या... हे सगळं कसं चाललं?

शांताबाई : काय कसं? त्याईचे कागद माह्या दारी येत, माहे त्याईच्या दारी. संध्याकाळी ह्या भिंतीवरून इकडचे तिकडं. पोस्टमनलेही माहीत आहे. कृष्णाच्या लग्नाच्या वेळी सुनेकडल्या मानसाईची चिठ्ठी पहिले म्याच वाचली. नोकरीचा कागद आला तवा म्या भिंतीवरून नुसता कागद नाही दिला, वाटीत साखर ठेवून दिला. सारे कागद दिले जी. एक नाही ठेवला.

निरंजन : आणि ही नोटीस?

शांताबाई : हेच नाही दिली.

निरंजन : का?

शांताबाई : तुमी इंजिनेर आहात, तुमीच सांगा. काय म्हनून देऊ? पोट्टी आज-उद्या बाळंत होईन. तिच्या हातात देऊ, का घे बाई, तुह्यं घर उद्या पडते? अन् ज्या नंबरानं माह्या नवऱ्याले पानी पाजलं, तोच नंबर आता वापस करू? पानी घेतलं तवा नंबर माहा होता. आता नोटीस आली तर तुमचा?

निरंजन : आजी, मला तुमचं कळतं. पण आता मी बोलतो ते नीट ऐका. उद्या तुमचं पक्कं घर पडेल. त्याच दिवशी संध्याकाळी यादीतल्या सतराव्या नंबरावर खूण होईल आणि काम संपेल. ती झुकलेली भिंत तिथंच उभी राहील, कारण कागदावर ती पडलेली असेल. तिच्याकडे पुन्हा कुणी पाहणार नाही. आणि तिच्याखाली पाळणा बांधलेला असेल.

शांताबाई : दोन राती झोप नाही मले. दिला तर त्याचं घर जाते. नाही दिला तर... मले काही समजूनच नाही राहिलं. तुमी तरी सांगा, काय बरोबर आहे?

निरंजन : मला वाटलं होतं, मी इथं येईन, सही घेईन आणि जाईन. मलाही काही समजत नाहीये. एक मार्ग आहे बहुतेक. मौक्यावरचा, म्हणजे जागेवरच करायचा पंचनामा. पाट्या अदलाबदल झाल्या होत्या असं इथंच लिहायचं. मग आदेश आहे तसाच राहतो, फक्त तो खऱ्या दोनशे चौदाला लागू होतो. रिकामं करणाऱ्या कुटुंबाला शहराबाहेर बीरगांवकडे खोली मिळायची तरतूद आहे, पण ती मिळेपर्यंत महिनाभर जाईल.

शांताबाई : महिनाभर? हे पाहा, मले दोन खोल्या आहे. पोट्टी नागपूरले असते माही, मी एकटी. खोलीची चिंता नाही.

निरंजन : मग लिहू? पण एक आहे. एकट्या तुमच्या सहीनं होणार नाही. तुम्ही स्वतःचं घर वाचवायला खोटं सांगता आहात, असं ऑफिस म्हणेल. हिरालालच्या वारसाची सही लागेल. कृष्णाची. त्याला बोलवा. घरी असेल तर आत्ताच बोलवा.

शांताबाई : मी नाही बोलावनार.

निरंजन : आजी!

शांताबाई : नाही म्हनजे नाही. त्याच्या बापाले म्या बोलावलं नव्हतं. न मागता आला होता तो. आता त्याच्या पोराले मी हाक मारू, का ये अन् आपलं घर लिहून दे?

निरंजन : मग मी जातो.

शांताबाई : तुमी गेले तर तो सरकारच्या भेवानं सही करन. तसं नको मले. अन्... नोटीस माह्या दारावर दोन दिवस चिकटली आहे. कृष्णाले वाचता येते. रोज सकाळी माह्या इथं चहा घेऊन पंडरीले जाते तो. दोन दिवसांपासून मागच्या बोळातून जाऊन राहिला.

निरंजन : म्हणजे त्याला ठाऊक आहे.

शांताबाई : मी ते नाही म्हनली.

निरंजन : आजी, उद्या दहा वाजता मला इथं उभं राहावं लागेल. यंत्र तुमच्या भिंतीला लागेल तेव्हा मी काय करू? पाठ फिरवून उभा राहू?

शांताबाई : मोठ्यानं नका बोलू. विनीता निजली असन.

(अंगणाच्या भिंतीपलीकडे कुणीतरी बादली खाली ठेवते.)

कृष्णा : निजली नाही ते, काकी. आमी दोघंही कवाचे ऐकून राहिलो.

शांताबाई : कृष्णा? तू दुकानात नाही गेला?

कृष्णा : गेलो होतो. वापस आलो. हातून कापडच मोजल्या नाही गेलं. नमस्ते साहेब.

निरंजन : नमस्कार. तुम्ही सगळं ऐकलं?

कृष्णा : हव. अन् ऐकाच्या पहिलेच माहीत होतं. परवा कागद चिकटला तवाच नंबर वाचला. काकी, दोन दिवस मी संध्याकाळी ह्या भिंतीपाशी उभा राहिलो. वाटलं, तू कागद देशीन.

शांताबाई : मी आतून पाहत होती तुले.

कृष्णा : तू नाही दिला. मग मले वाटलं, काकीच म्हनून राहिली का राहू दे. अन् मले बरं वाटलं. सच्ची सांगतो, बरं वाटलं. का चला, घर वाचलं. मग रातभर ते पिंपळाचं झाड पाहत बसलो. विनीता म्हने, काहून नाही झोपत? काय सांगू तिले?

शांताबाई : मले सांगाचं.

कृष्णा : तुलेच कसं सांगू? तुह्यंच घर चाललं होतं.

निरंजन : कृष्णा, मी तुमच्यावर दबाव आणणार नाही. सही केलीत तर उद्या तुमचं घर जाईल. हे नीट समजून घ्या.

कृष्णा : समजलं साहेब. बाबूजी जाच्या पहिले एकच बोलले होते, का काकीच्या दारचा नंबर आपला आहे, तो कधी वापस नको मांगू. म्या कधी मांगला नाही. पन आज मांगतो. काकी, आमचा कागद दे.

निरंजन : त्यांना द्या आजी. मी पंचनामा लिहायला घेतो. आणि तेवढ्यात कुणी पाट्या जागच्या जागी लावल्या, तर मी लिहिण्यात गुंतलेलो असेन. पेचकस माझ्या पिशवीत आहे.

कृष्णा : बाबूजीचाच पेचकस आहे घरात. दे काकी, हात पुरते माहा. भिंतीवरून दे.

शांताबाई : नाही.

कृष्णा : काहून?

शांताबाई : हा कागद भिंतीवरून नाही द्याचा. विनीताचा हात धर, गोधडी-उशी घे, अन् दारानं या. वरन झालं आहे, भात टाकते.