कीबोर्डची जुनी फाइल

तुम्हाला सांगतो, दुरुस्ती झाल्याची अशी खूण मी आयुष्यात पाहिली नव्हती. रिसोडला घरी कम्प्युटरवरचं लिनक्स अपग्रेड केलं आणि कीबोर्ड चालवणारं पॅकेज मधेच अडकलं. केनवडहून मित्र गजानन धावत आला.

“भाऊ, यानं तुमाले मधात काही विचारलं होतं काय?”

“विचारलं होतं. मी ती प्रश्नाची खिडकी बंद केली. फोनवर अनोळखी माणसानं काही विचारलं, तरी मी तेच करतो.”

“अरे बापा! हा त घरचा कम्प्युटर होय न!”

गजाननने अडकलेलं काम पुन्हा सुरू केलं. तोच प्रश्न आला: कीबोर्डची जुनी फाइल ठेवायची, की नवी घ्यायची?

जुनी फाइल माझ्या पत्नीने केलेली. माझ्या बोटांच्या सोयीने तिने अक्षरांच्या जागा बदलल्या होत्या. ती गेल्यावरही मी त्याच जागांवर लिहितो.

“जुनीच,” मी म्हणालो.

पॅकेज बसलं. गजाननने खुशीत, आपल्या सवयीच्या जागांवर, स्वतःचं नाव टाइप केलं. पडद्यावर ‘तजापप’ उमटलं.

“गेलं, भाऊ! सारं बिघडलं!”

मी इतका हसलो की शेजारच्या काकू दारात येऊन पाहून गेल्या.

“गजानन, तुझं नाव असं आलं ना, म्हणजे शंभर टक्के दुरुस्त झालं!”