धुक्यामागचं बेट

आमच्या आईने न पाहिलेलं बेट सगळ्या खानदानाला कसं दाखवलं, ते ऐका. मी स्कॉटलंडमध्ये शिकत होते, तेव्हा ती रायपूरहून मला भेटायला आली होती. बेटावर जायच्या दिवशी निघायच्या आधीच तिने इंटरनेटवरचा बेटाचा फोटो 'पोहोचलो' असं लिहून फॅमिली ग्रुपवर टाकून दिला. धक्क्यावर जातो तर दाट धुकं, बोटी बंद.

"आई, खरं सांगून टाक. खोटेपणा आपल्या घरापासूनच संपवायला पाहिजे," मी भाषण दिलं.

"हव, संपव. पण तुझी सुशीमावशी मले जन्मभर चिडवन, त्याचं काय?"

तेवढ्यात सुशीमावशीचाच व्हिडिओ कॉल आला. "ताई, बेट दाखव न!"

आईने शांतपणे फोन समुद्राकडे फिरवला. सगळीकडे नुसतं पांढरं. "हे पाय, धुकं. त्याच्या मागंच बेट आहे."

यात खोटं काय, ते मला काही शोधता येईना.

"ताई," मावशी म्हणाली, "एवढ्यासाठी विमानानं गेली काहून? आपल्या रायपूरजवळच्या बीरगांवात कारखान्यांचा धूर रोज असाच असते. ऑटोनं गेलो असतो!"