नऊ नंबरचा शर्ट

लँकशायरमधल्या आमच्या फुटबॉल क्लबाचं दिवाळं निघालं, तरी वर्षाच्या तिकिटांना रांग होतीच. माझ्यापुढे खेळाडूंचे कपडे धुणारी हिल्डा, तिच्यापुढे म्हातारा क्लिफ.

“धुलाईचं बिल मिळालं का गं?” क्लिफने मागे वळून विचारलं.

“आठ महिन्यांचं? दिवाळ्याचा कारभार बघणारे पौंडामागे चार पेनी देतो म्हणतात.”

“आणि त्या नऊ नंबरवाल्या स्ट्रायकरला?”

“सगळे पैसे, चोख. क्लब बुडाला तर आधी खेळाडूंचे, असा लीगचा नियमच आहे.”

“त्याच्याच पगारापायी बुडालो की आपण! शनिवारी त्याचेही कपडे धुतलेस?”

“दोनदा. पांढऱ्यावरचा चिखल एका धुण्यात जातोय होय?”

“फुकट?”

“मग काय, आपला क्लब मळक्या कपड्यांत उतरवू?”

क्लिफने टोपी काढली आणि बाजूला सरकला.

“चाळीस वर्षांत या रांगेतला नंबर मी बायकोलाही दिलेला नाही. हो पुढे, हिल्डा.”