पत्रकाचा खालचा अर्धा

तुम्ही कधी दुसऱ्याच्या खिशात हात घातलाय? नाही नाही, अशा भुवया चढवू नका, मी रोज घालते, बावीस वर्षं घालतेय, आणि त्याचाच पगार घेते! हॉटेलच्या लाँड्रीत आहे मी. पाहुण्यांचे कपडे यंत्रात टाकायच्या आधी खिसे तपासायचे, जे निघेल ते पत्र्याच्या डब्यात ठेवायचं, आणि तीन महिन्यांत कुणी मागायला आलं नाही तर ज्या हाताला सापडलं त्याचं. आमच्या मोठ्या बाईंचा नियमच आहे तसा. आता मला सांगा, बावीस वर्षांत माझं काय झालं असेल? काही नाही! पेन सापडलं, धावत आले. कानातलं एक सापडलं, आठवड्यात आले, वर मलाच विचारतात, "दुसरं कुठाय?" एकदा नुसतं बटण सापडलं हो, साधं काळं बटण... त्यालाही मालक निघाला!

तर सांगत काय होते, एक जाकीट आलं. बाहेरचे चार खिसे तपासले, आतला चोरखिसा राहिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून सुटला! धुऊन निघाल्यावर त्यातून घडी घातलेला गुळगुळीत कागद आला, ओला लगदा होता होता वाचलेला. मी तो दोन रुमालांमध्ये ठेवला, हलकी इस्त्री फिरवली... आणि काय सांगू तुम्हाला, खालून तळं वर आलं. निळं. म्हणजे किती निळं? आमच्याकडे एवढ्या चादरी येतात, पण तसा निळा रंग मी कशावर पाहिला नाही. भोवती डोंगर, आणि त्या एवढ्या पाण्यात एकटी बाई, डोक्याला पिवळी टोपी. वर छापलेलं, पोहणं एकोणीसशे मीटर, सायकल नव्वद किलोमीटर, पळणं एकवीस. खाली आणखी बरंच काही असणार, पण खालचा अर्धा धुऊन गेला होता. पांढराफटक!

ठेवला डब्यात. पहिला महिना कुणी आलं नाही. दुसरा महिना... मी दाराकडे बघायची. तिसऱ्या महिन्यात तर कुणी पाहुणा आत डोकावला की मी डब्यावर हात ठेवायची, आला वाटतं तळं मागायला! नाही आला. मोठ्या बाईंनी डबा उघडला, कागद माझ्या हातावर ठेवला, म्हणाल्या, "घ्या, तुमचं." एवढंच. पण मी घरी सायकलवरून गेले की तरंगत, ते मला आठवत नाही.

माझी नणंद शाळेत खेळ शिकवते. गळ्यात शिट्टी, जेवतानासुद्धा. तिला म्हटलं, "मला या पाण्यात एकदा उतरायचंय." ती कागद बघते, माझ्याकडे बघते, पुन्हा कागद बघते. "वहिनी, याला मध्यम अंतराची शर्यत म्हणतात." मध्यम! चहात साखर मध्यम असते ती मला माहिती. हे मध्यम तर मोठं काय असतं, घरी परत येतच नाहीत? पण पोहायला मी लहानपणी कालव्यात शिकले होते, सायकल बावीस वर्षं रोज चालवतेय, राहिलं पळणं, ते मात्र सुटलेल्या बसमागेही कधी केलं नव्हतं. नणंदेने फोनवर अख्खं पत्रक शोधलं, अर्ज भरला, शिट्टी वाजवली, आणि झालं सुरू!

आता आमचे हे. हे लिफ्ट दुरुस्त करतात. ह्यांनी विचारलं, "एवढं सगळं करून मिळणार काय?" मी म्हटलं, "पदक असेल, आणि नणंदबाई म्हणतात एक टॉवेल." "टॉवेल?" हे ताटावरून उठलेच. "अगं, तू रोज चारशे टॉवेल धुतेस! एक घरी घेऊन ये, विषय संपव!" यांना कसं सांगायचं? त्या चारशेतला एकही माझा नाही हो.

सराव म्हणजे कसा? पहाटे पालिकेच्या तलावावर, काठावर नणंद. "वहिनी, श्वास! वहिनी, कोपर! वहिनी, डोळे उघड, भिंत आली!" दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगावर पालथी पडून हात मारायची, डावा, उजवा, डावा... खाली उबदार, वर वाफ, आणि डोळे मिटले की ते टॉवेल हलायला लागायचे, खरंच सांगते, काठावरचे डोंगर सरकायला लागायचे. एकदा डोळे उघडले तर समोर मोठ्या बाई. म्हणाल्या, "पायसुद्धा हलवा. नुसत्या हातांनी कुठे पोचणार?" आणि निघून गेल्या!

चार महिने झाले आणि एका संध्याकाळी नणंद सहज म्हणते, "आता उंचीचा सराव सुरू करू या." मी म्हटलं, कसली उंची? "अगं, तळं अडीच हजार मीटरवर आहे ना! तिथे हवा विरळ. पत्रकात होतं की!" होतं हो, खालच्या अर्ध्यात होतं, आणि खालचा अर्धा धुऊन गेला होता!

मग अकरा मजले, दिवसातून सहा वेळा. ह्यांच्याच देखभालीच्या इमारतीत. हे सातव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडून आत डोकं घालून बसलेले, आणि शेजारून मी हाशहुश करत वर. "मी जन्मभर राबलो कशासाठी? लोकांना जिने चढायला लागू नयेत म्हणून! आणि माझीच बायको..." पुढचं ऐकायला मी थांबतेय कशाला, आठव्यावर होते.

पुढच्या आठवड्यात नणंद पुन्हा, "आणि वहिनी, ऊन. तिथे त्या दिवसांत रणरणतं ऊन असतं, लोक मुद्दाम जाड कपडे घालून सराव करतात." हे पण खालच्या अर्ध्यात? "हो." मी म्हटलं, बाई गं, तू एकदा आमच्या इस्त्रीच्या खोलीत ये. आली. भिंतीवर एक्केचाळीस अंश. वीस मिनिटांत तिची शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर, मग ती स्वतः खुर्चीवर, मग डोकं टेबलावर. मी आपली गाणं गुणगुणत चादरी काढतेय, पाठीवरून घामाच्या धारा, दर धारेला एक घोट पाणी, हा माझा जुना हिशोब. पदर भिजला की प्यायचं. मनात म्हटलं, उन्हाची शर्यत असेल तर मला कोण हरवतंय!

इथेच चुकले.

शर्यतीच्या दोन दिवस आधी आम्ही वर पोचलो. तळं तिथेच होतं. कागदासारखंच निळं, उलट जास्तच, कारण ते धुतलेलं नव्हतं. मी काठावर किती वेळ उभी होते कुणास ठाऊक, नणंदेने दंडाला धरून हलवलं. दुसऱ्या दिवशी उन्हात हलकी सायकल, थोडं पळणं. घाम म्हणाल तर टिपूस नाही! मी खूश, पदर कोरडा म्हणजे तहान नाही, बाटली भरलेली तशीच परत. आणि दुपारी खोलीत आले तर भिंती गोल गोल. डोकं फुटायला आलेलं, जीभ टाळ्याला चिकटलेली. नणंद घाबरली, "वहिनी, असंच राहिलं तर उद्या मी तुला उतरू देणार नाही." काय झालंय तिलाही कळेना, मलाही कळेना. वाटलं, याचंही बटणासारखंच झालं. शेवटच्या दिवशी कुणीतरी येणार आणि म्हणणार, बाई, तळं आमचं, द्या इकडे.

रडू आलं की मी कपडे धुते. सवय! पोहण्याचा पोशाख धुतला, नणंदेचे मोजे धुतले, गच्चीत दोरीवर टाकले, आणि चिमटे आणायला आत गेले. परत येते तर मोजे वाळलेले! कडक! पोशाख हाताला लागत होता तो कागदासारखा. अहो, जाडे मोजे, एवढ्यात? बावीस वर्षं वाळवण करणाऱ्या बाईला हे समजायला वेळ लागतो का? मी तशीच चिमटे हातात घेऊन ओरडले, "अगं, मी पण वाळतेय! घाम येतोय, पण दिसायच्या आधीच उडतोय! आमच्याकडे वाफेत तो अंगावर राहतो, इथे दोरीवरच्या मोज्यासारखा जातो!"

नणंद धावली. चिमूटभर मीठ, पाणी, दर पंधरा मिनिटांनी शिट्टी, शिट्टी वाजली की घोट, पदराकडे बघायचं नाही. संध्याकाळपर्यंत भिंती सरळ झाल्या. मी विचारलं, "हे पाण्याचं पण पत्रकात होतं?" ती खाली बघून म्हणाली, "ठळक अक्षरात."

ह्यांचा फोन आला. "बरी आहेस ना? आणि तिथे लिफ्ट आहे का गं?" म्हटलं, नाही. मग म्हणाले, "टॉवेल घेऊन ये. आपण वापरायचा नाही, ठेवायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी पिवळी टोपी घालून त्या निळ्या पाण्यात उतरले, कुणी मागायला आलं नाही, आणि पाणी बर्फासारखं गार होतं... हेही खालच्याच अर्ध्यात असणार.