हिरो घास गिळत नाही

रत्नम्मा : न्हाई म्हनजे न्हाई. त्या पिच्चरवाल्या मॅडमला सांगा, सामान उचला आन् वाट धरा. माझ्या खानावळीत आता शूटिंग व्हायचं न्हाई.

अमृतराव : अगं हळू. बाहीर समदी मंडळी हाय.

रत्नम्मा : ऐकू द्या की. आवो, त्यो हिरो कशात थुंकला ते बगितलं का तुमी?

अमृतराव : बादलीत थुंकला आसंल. पिच्चरात तसंच आसतंय म्हनं.

रत्नम्मा : बादली? काठवट व्हती ती! माझी काठवट! आईनं तिच्यात पीठ मळलं, आता मी मळते. धुऊन भिंतीला उभी करून ठिवली व्हती, ती उचलून त्या नटव्याच्या म्होरं मांडली. हिरोइनीकडं बगून हसतोय, घास तोंडात घेतोय, चावल्यावानी करतोय, आन् क्यामेरा थांबला की थू! माझ्याच हातची भाकरी माझ्याच काठवटीत!

अमृतराव : काठवटीत?

रत्नम्मा : हाव. शेंगाची चटनी, भाकरी आन् त्याची लाळ, समदं एक झालंय. जाऊन बगा. मला तर वकारी आली.

मन्मथ : काका, मावशी, येऊ का आत? पाच मिनिटं बोलायचं होतं.

रत्नम्मा : ये. तुझीच वाट बगायले. उदगीरचं लेकरू हाय, आपल्यातलं हाय, टीव्हीवाल्यांचा मॅनेजर झालंय, म्हनून ह्यांनी तुझ्या भरोशावर चूल दिली माझी. काय केलंस रे तू?

मन्मथ : मावशी, सॉरी. खरंच. आमच्या माणसाला वाटलं, जुनं लाकडी काहीतरी पडलंय. मी स्वतः धुऊन देतो ती परात.

रत्नम्मा : परात न्हवं, काठवट! उदगीरात काय फुटक्या डब्यात मळत व्हते का तुझ्या घरी? आन् धुतोस कशानं? लातुराला रेल्वेनं पानी यायलंय, ऐकलंस का? जनावराला पाजायला न्हाई, मानसं घागरीपायी एकमेकाची डोकी फोडायलीत. माझ्याकडं जेवनाऱ्याला हात धुवाया अर्धा पेला मिळतोय. कुनाच्या वाट्याचं पानी घालू तुमच्या थुकीवर?

मन्मथ : आमचा टँकर उभा आहे ना बाहेर.

रत्नम्मा : नाव काढू नगंस त्या टँकरचं!

अमृतराव : आता टँकरनं काय केलं?

रत्नम्मा : तुमी सकाळी त्या मॅडमच्या मागं मागं, तुमाला काय दिसतंय! टँकर गल्लीत आला तशा बाया घागरी घिऊन रांगंत उभ्या राहिल्या. शेजारची कस्तुराबाई सगळ्यात म्होरं. तिला वाटलं, नगरपालिकेचा हाय. आन् ह्यांनी काय केलं? पाईप लावला, आन् हिरो-हिरोइन एकमेकावर पानी उडवाया लागले. खिदीखिदी हसायले. माझ्या सयपाकघरात चिखल झाला. बाया घागरी घिऊन खिडकीतनं बगायल्या. कस्तुराबाई मला काय म्हनली ठावं हाय? म्हनली, "रत्ना, तुझ्या घरी लगीन हाय का गं?"

मन्मथ : मावशी, तो प्रेमाचा सीन आहे. ती त्याला तिखट खाऊ घालते, तो ओरडतो, ती पाणी मारते, तोही मारतो. हलकाफुलका सिनेमा आहे. दीड तासाचा, टीव्हीवर रविवारी दुपारी लागेल. लोकांना चार घटका हसायला.

रत्नम्मा : लातुरात पानी उडवून हसत्यात का? कोनत्या गावची मानसं हसनार हाईत हे बगून?

मन्मथ : ...पुण्या-मुंबईची.

रत्नम्मा : थू.

अमृतराव : रत्ना!

रत्नम्मा : मी काठवटीत न्हाई थुंकले. आन् ए, भाकरीला काय फासलं तुमी? चकाकायली व्हती नुसती.

मन्मथ : ग्लिसरीन. कॅमेऱ्यात भाकरी कोरडी दिसते मावशी.

रत्नम्मा : भाकरी कोरडीच आसती! आन् आमटीत?

मन्मथ : थोडा साबण. उकळी फुटल्यासारखा फेस दिसावा म्हणून.

रत्नम्मा : आरं, मग जाळ लावायचा की चुलीला! आमटी उकळायला साबन लागतोय व्हय? शी शी शी. येसर मसाला घालून केलेली आमटी, पातेलंभर. कुत्र्यालाबी घालता येईना आता.

अमृतराव : झालं ते झालं. मन्मथा, आता राहिलंय किती तुमचं?

मन्मथ : एकच शॉट, काका. शेवटचा. हिरो पुण्याचा मोठा शेफ आहे, तो स्वयंपाकात तिच्यापुढे हरतो, तिच्या खानावळीत येऊन बसतो, तिच्या हातचा घास खातो आणि लग्नाचं विचारतो. मागे भिंतीवर तुमच्या खानावळीची पाटी. अख्ख्या पडद्यावर. तेवढं झालं की आम्ही निघालो.

रत्नम्मा : आन् न्हाई झालं तर?

मन्मथ : तर इथलं सगळंच कापावं लागेल. पुण्यात सेट लावून पुन्हा करतील. तुमची पाटी दिसणार नाही.

अमृतराव : ऐकलंस? रत्ना, समजून घे जरा. होस्टेलं रिकामी झाली, क्लासची पोरं पानी न्हाई म्हनून गावाकडं पळाली. जिथं पंगती उठायच्या तिथं आता चार डोकी जेवत्यात. असंच चाललं तर आखाडाच्या आत कुलूप लावावं लागंल. टीव्हीवर पाटी दिसली तर मानसं येतील इचारत. वीरण्णाअप्पांची खानावळ बंद करायची हाय का तुला?

रत्नम्मा : माझ्या बापाचं नाव घिऊन मला भिववू नगा. अप्पा असते तर त्या हिरोला शेंडी धरून भाईर काढला असता. तुमाला काढलं व्हतं तसं.

मन्मथ : काकांना? काढलं होतं?

रत्नम्मा : तुला निम्मीच गोष्ट सांगितली वाटतं ह्यांनी. पिच्चर काढलाय आमच्याच गोष्टीवर, आन् गोष्टच ठावं न्हाई.

अमृतराव : अगं, ते आता कशाला...

रत्नम्मा : कशाला म्हनजे? चहाच्या टपरीवर बसून त्या मॅडमला तुमी सांगितलं न्हाई का, माझं लगीन खानावळीत जमलं म्हनून? मंग पुरं सांगायचं. ऐक रे. बयाऐंशी साली लातूर जिल्हा झाला. नवं कलेक्टर आफिस, नवे क्लार्क. हे कंधारहून आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. अप्पांकडं जेवायला बसायचे आन् ताटात निम्मं टाकून उठायचे. ऐट! आपल्या लिंगायतांत ताटात शीत ठिवायचं नसतंय. ते परसाद आसतंय. शेवटाला ताटात पानी घालायचं, बोटानं धुवायचं आन् पिऊन टाकायचं. ह्यांच्या घरीबी तेच. पन बाकीच्या क्लार्कांम्होरं ह्यांना लाज वाटायची.

अमृतराव : वय तसं व्हतं माझं.

रत्नम्मा : मी आत भाकरी थापायची. उष्टी ताटं माझ्याकडंच यायची. एक दिस मला किळस आली. आजच्यावानीच. अप्पांना म्हनलं, त्या कंधारकराला उद्यापासनं वाढायचं न्हाई. अप्पांनी दारातनं परत धाडलं ह्यांना. दोन दिस उपाशी फिरले, गावात दुसरी खानावळ न्हवती धड.

अमृतराव : व्हती. पन तिथली भाकरी लई जाड.

रत्नम्मा : तिसऱ्या दिशी आले, गप बसले, ताट चाटून पुसून खाल्लं. मग समद्या आफिसाम्होरं ताटात पानी घातलं, धुतलं, पिले. आन् ताट घिऊन सयपाकघराच्या दारात आले. म्हनले, "बगा, धुवाया काय राहिलं न्हाई." तवा मी पयल्यांदा बगितलं ह्यांच्याकडं.

मन्मथ : मावशी... हे किती छान आहे. हे आमच्या सिनेमात नाही.

रत्नम्मा : नसनारच. तुमच्यात पानी उडवायचं हाय, प्यायचं न्हाई. बरं, तुला शॉट पाहिजे ना? मंग माझी अट ऐक. तुझ्या हिरोला आन हितं. मी वाढते. सगळं गिळू दे, ताट धुऊन पिऊ दे. मग घ्या पाटी, घ्या भिंत, काय घ्यायचं ते घ्या.

मन्मथ : ताट धुतलेलं पाणी? तो? मावशी, तो साधं बिसलेरीसुद्धा झाकण आपल्यासमोर उघडलं तरच पितो. शी, तो नाही...

रत्नम्मा : शी म्हनलास?

मन्मथ : नाही, म्हणजे...

रत्नम्मा : काठवटीत थुंकला तवा न्हाई म्हनलास शी. आता म्हनलास. तुझ्या घरी कोन पीत न्हवतं का ताट धुऊन?

मन्मथ : आजी प्यायची. अण्णा अजून पितात. खरं सांगू, मला नको वाटतं. माझी बायको पुण्याची आहे. अण्णा आले की मीच त्यांचं ताट आधी उचलतो.

अमृतराव : लेकरू खरं तरी बोललं.

मन्मथ : थांबा, मी मॅडमना फोन करतो. ...हॅलो मॅडम. हो, त्या तयार आहेत, पण एक अट... ताट धुऊन पाणी प्यायचं... हो, पाणी... काय? ...हो? ...हो, सांगतो. मावशी, मॅडमना फार आवडलं! म्हणतात, शेवट हाच! फक्त हिरो गाडीतून उतरायचा नाही. त्याचा नुसता चेहरा नंतर वेगळा घेऊ. हात, ताट आणि घोट जवळून घ्यायचा, तो काकांचा.

अमृतराव : माझा? टीव्हीवर?

रत्नम्मा : बगा, चेहरा खुलला लगेच.

अमृतराव : अगं, पाटीबी दिसंल, गोष्टबी खरी व्हईल. खरा जेवनाराच जेवनार हाय की! आता तरी हो म्हन.

रत्नम्मा : ...ताट मी वाढनार. भाकरीवर काय शिंपडलं तर बगा.

(कॅमेरा लागतो. अमृतराव ताटावर बसतात, भाकरी-आमटी संपवतात, ताटात पाणी घालून बोटानं धुतात आणि पितात.)

मन्मथ : कट! वा, काका! मॅडम बाहेर पडद्यावर बघतायत, एकदम खूश आहेत. आता पुन्हा एकदा.

अमृतराव : पुन्हा? पोट भरलं की रं.

मन्मथ : सावली पडली होती. जेवू नका, मावशी ताटाला नुसती आमटी लावून देतील. तुम्ही फक्त पाणी घालायचं, तोंडाला लावायचं. आणि आता गिळू नका. दहा वेळा करावं लागलं तर त्रास होईल तुम्हाला. तोंडात धरा, कट म्हटलं की थुंका.

अमृतराव : थुंकू? कुठं?

मन्मथ : त्या लाकडी... काठवटीत. तशीही खराब झालीय ती.

(अमृतराव ताटावरून उठतात.)

मन्मथ : काका? उठलात का?

अमृतराव : क्यामेरा बंद करा.

मन्मथ : काका, एकच टेक.

अमृतराव : मन्मथा, दुपारपासनं मी हिला म्हनायलोय, समजून घे, समजून घे. मला वाटलं बाईमानूस हाय, काठवटीपायी जीव काढायली. आरं, मला आत्ता कळायलंय तिला काय झालं ते. थुंक म्हनतोस? हे? ह्या ताटापायी हिनं मला होकार दिलता, आन् ते मी थुंकू?

मन्मथ : काका, खोटंच तर आहे सगळं. सिनेमा आहे.

अमृतराव : सिनेमा खोटा आसू दे. माझं तोंड खोटं न्हाई. उचल तुझं सामान.

मन्मथ : पाटी जाईल, काका. पुन्हा असं कोण येणार आहे? माझीसुद्धा नोकरी...

अमृतराव : तुझ्या मॅडमला सांग, म्हातारा बिथरला. समदा दोष माझ्यावर घाल. पन जा आता.

रत्नम्मा : आन् ए मन्मथ. टँकरात हाय का काय उरलेलं?

मन्मथ : निम्मा असेल.

रत्नम्मा : कस्तुराबाईच्या दारात रिकामा करून जा.

मन्मथ : मॅडमना विचारतो.

रत्नम्मा : पानी उडवताना इचारलं व्हतंस का कुनाला? नळी सोड, आन् मग इचार.

मन्मथ : ...सोडतो. येतो मावशी. काका, येतो.

अमृतराव : अण्णांना नमस्कार सांग. आन् त्यांचं ताट त्यांच्या म्होरून उचलू नगंस.

रत्नम्मा : गेलं लेकरू.

अमृतराव : गेलं.

रत्नम्मा : पाटी न्हाई दिसायची आता तुमची.

अमृतराव : न दिसू दे. गावाला मालूम हाय पाटी कुठं हाय ते.

रत्नम्मा : आन् पोरं न्हाई आली परत तर?

अमृतराव : पाऊस पडला तर येतील. न्हाई आली तर दोघांपुरतं रांध. कुलूप मी माझ्या हातानं लावीन, तू बगू नगंस.

रत्नम्मा : काठवट राखंनं घासून उनात ठिवते. पन मन व्हईल का तिच्यात पीठ मळायचं, काय ठावं.

अमृतराव : तू जेवलीस का?

रत्नम्मा : कुठलं? घासच उतरंना दिसभर.

अमृतराव : मंग बस. मी वाढतो.

रत्नम्मा : तुमी? जल्मात कधी वाढलं का?

अमृतराव : आज वाढतो. भाकरी एकच दिसायली टोपल्यात.

रत्नम्मा : अर्धी तुमी घ्या. त्या क्यामेऱ्याम्होरं काय खाल्लं आसंल धड!

अमृतराव : घेतो. दोन ताटं काढू का?

रत्नम्मा : दोन कशाला? एकातच बसू. धुवाया पानी कमी लागंल.